दहावी-बारावीत मैदान बंद करू नका

“यंदा बारावी आहे, म्हणून तिचं खेळणं आम्ही बंद केलंय.” पालकसभेत हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. सांगणाऱ्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. मुलीच्या भल्यासाठी आपण एक कठोर पण योग्य निर्णय घेतला, असं त्यांना मनापासून वाटत असतं. टीवायच्या पालकांचं म्हणणं थोडं वेगळं असतं, “आता शेवटचं वर्ष आहे मॅडम, कबड्डी काय, पुढेही खेळता येईल.” मी घाटकोपरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि राहते मुलुंड पूर्वेला. शारीरिक शिक्षण हा माझा विषय नाही. पण आकडे वाचणं हा माझा व्यवसाय आहे, आणि या एका बाबतीत आकडे पालकांच्या बाजूचे नाहीत. म्हणून हल्ली मी सभेतच त्यांना सांगते, की पंधरा ते अठरा ही खेळ थांबवण्याची सर्वांत वाईट वर्षं आहेत.

हे मी कशाच्या जोरावर सांगते? स्वीडनमध्ये पूर्वी तरुणांना अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तपासणीला जावं लागे. तिथे सायकलच्या यंत्रावर त्यांचा दमसास मोजत, स्नायूंची ताकद मोजत आणि बुद्धीच्या चाचण्याही घेत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख तरुणांच्या या नोंदी मारिया ओबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचे बुद्धीच्या चाचण्यांतले गुणही वरचे, असं त्यात दिसलं. नुसत्या स्नायूंच्या ताकदीशी मात्र तसं नातं आढळलं नाही. त्यांनी पंधराव्या वर्षीच्या शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या श्रेणीही मिळवल्या होत्या. या तीन वर्षांत ज्यांचा दमसास सुधारला होता, त्यांची अठराव्या वर्षीची चाचणी, तो घसरलेल्यांपेक्षा सरस होती. पुढे कोण किती शिकलं, हेही त्यांनी पाहिलं, आणि तिथेही दमसास असलेली मुलं पुढेच होती.

पंधरा ते अठरा म्हणजे आपल्याकडची दहावी, अकरावी आणि बारावी. नेमकी हीच तीन वर्षं आपण मुलांच्या अंगातली हालचाल काढून घेतो.

ताकद आणि दमसास यांतला फरक उपनगरातल्या मुलांना मी मुद्दाम समजावून सांगते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपर-मुलुंडला गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. एफवायला आलेला मुलगा वडिलांकडे पहिला हट्ट धरतो तो जिमच्या फीचा, दुसरा प्रोटीन पावडरच्या डब्याचा. दंड भरले की व्यायाम झाला, अशी त्याची समजूत असते. वजनं उचलण्यात वाईट काही नाही, तब्येतीला त्याचाही उपयोग आहे. पण ज्या व्यायामाचं अभ्यासाशी नातं दिसलं तो छाती धपापायला लावणारा आहे. धावणं, भरभर चालणं, पोहणं, सायकल, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो, फुटबॉल. यांतल्या बहुतेक गोष्टींना डबाही लागत नाही आणि फीसुद्धा.

आता याच आकड्यांना उलटे प्रश्न विचारणं हेही माझंच काम आहे, कारण या विषयावर फार सैल लिहिलं जातं. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या जिमचं सदस्यत्व घेतलेली आणि न घेतलेली मुलं यांची तुलना झाली होती. सदस्य असलेल्यांचा सरासरी ग्रेड पॉइंट ४ च्या मापात ०.१३ ने वर होता. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, यावरून जिममुळे मार्क वाढले असं म्हणता येईल का? हुशार मुलं लगेच सांगतात, नाही. मुंबईत तर मुळीच नाही. लोखंडवालातल्या जिमची वर्षाची फी ज्याला परवडते त्याच्याकडे अभ्यासाला वेगळी खोली असते आणि चांगला क्लासही. साकीनाक्याला रात्री बारापर्यंत पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला कमी मार्क पडले, तर तो व्यायाम करत नाही म्हणून पडले, असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. स्वीडनच्या अभ्यासावर माझा जास्त विश्वास आहे तो एवढ्यासाठी, की त्यांनी सख्खे भाऊ आणि जुळे भाऊही तपासले. एकाच घरात वाढलेल्या, एकच अन्न खाल्लेल्या जुळ्यांमध्येही दमसासाचं आणि बुद्धीच्या गुणांचं नातं टिकून राहिलं.

कार्यकारणाचा भक्कम पुरावा हवा असेल तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. तसा एक प्रयोग कर्क एरिक्सन यांच्या गटाने केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालायला लावलं, बाकीच्यांना फक्त ताणाचे हलके व्यायाम दिले. वर्षानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्याशी निगडित असलेला भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात तो वयाप्रमाणे आक्रसला होता. ही माणसं विद्यार्थी नव्हती, पंचावन्न ते ऐंशी वयाची होती, हे विसरायचं नाही. मुलांच्या बाबतीत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी २००९ साली जे दाखवलं ते अधिक जवळचं आहे. नऊ-दहा वर्षांची मुलं वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालून आली की, बसून राहिलेल्या दिवसाच्या मानाने, त्यांचं लक्ष जास्त टिकलं आणि वाचून समजून घेण्याच्या चाचणीत ती सरस ठरली.

म्हणून मी पालकांना मार्क वाढतील असं वचन देत नाही. रोज तासभर धावणारा पण पुस्तक न उघडणारा मुलगा माझ्या पेपरात नापासच होईल. व्यायामाने अभ्यास होत नाही. अभ्यासाला बसलेल्याचं लक्ष थोडा जास्त वेळ टिकतं, रात्री पाठ टेकल्यावर झोप लागते, परीक्षेच्या हॉलमध्ये हातपाय गार पडत नाहीत. एवढं जरी झालं तरी आमच्यासारख्या शिक्षकांचं निम्मं काम होतं. कारण माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांची अडचण बुद्धीची क्वचितच असते. ती थकव्याची आणि अपुऱ्या झोपेची असते.

आमचं पहिलं लेक्चर सकाळी सव्वासातला सुरू होतं. त्यासाठी कल्याणच्या पलीकडून येणारी मुलं पाचच्या सुमारास घर सोडतात. पहिल्या लेक्चरला ती टक्क जागी असतात, कारण गाडीतली गर्दी अजून अंगात असते. तिसऱ्या लेक्चरला माना झुकायला लागतात. चौथ्याला मागच्या तीन बाकांवर सरळ झोप असते. या मुलांवर रागावून काही उपयोग नाही. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल, त्याआधी क्लास किंवा पार्टटाइम काम, आणि दिवसभरात शरीराला दम लागेल असं काहीही नाही. शरीर दमलेलं नसतं आणि डोकं मात्र शिणलेलं असतं, मग झोप येणार कशी?

“अहो मॅडम, लोकलला लटकतात, पूल चढतात-उतरतात, अजून कसला व्यायाम?” हे मला स्टाफरूममध्येही ऐकवलं जातं. यात एक गोष्ट खरी आहे. मुंबईची मुलं इतर शहरांतल्या मुलांपेक्षा जास्त चालत असतील. पण डब्यात तासभर एका पायावर उभं राहण्याने माणूस गळून जातो, त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसांना काही काम पडत नाही. स्टेशनवरून कॉलेजपर्यंतचं अंतर मात्र खरंच उपयोगाचं आहे. तेवढ्यासाठी शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असलेली मुलं मी रोज पाहते. त्यांना मी एवढंच सांगते, की हे अंतर पाय उचलून चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जोड लेक्चर असलं की मध्येच मी सगळ्या वर्गाला चार मजले उतरून पुन्हा चढायला लावते. सात-आठ मिनिटं जातात. परत आल्यावर मुलं प्रश्न विचारतात, मागच्या बाकावरचे हातही वर येतात. मोजमाप केलेलं नाही, म्हणून त्याला मी पुरावा म्हणत नाही. पण ती आठ मिनिटं मला कधी वाया गेल्यासारखी वाटलेली नाहीत.

ज्यांना व्यायामाचं आणि अभ्यासाचं नातं डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांनी पहाटे साडेपाचला मुलुंडच्या संभाजी मैदानावर किंवा घाटकोपरच्या पंतनगरमधल्या आचार्य अत्रे मैदानावर जावं. तिथे पोलीस भरतीची मुलं असतात. भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत आणि लेखी परीक्षेला १००. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. ही मुलं धावतात, घरी जाऊन आंघोळ करतात, कॉलेजला येतात आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसून अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, चालू घडामोडी पाठ करतात. त्यांच्या घरात एकच खोली असते, कित्येकांच्या घरी शिकलेलं कुणी नसतं. तरीही माझ्या वर्गात सकाळी ताठ बसलेली मुलं शोधायची तर त्यांत भरतीची मुलं हमखास सापडतात.

त्यांतली एक मुलगी मला चांगली आठवते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहायची, वडील माथाडी कामगार. एसवायला तिची दोन विषयांत एटीकेटी होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून भरतीची तयारी सुरू केली आणि ८०० मीटरसाठी रोज पहाटे उठायला लागली. मी तिला विचारलं होतं, धावून आल्यावर दमत नाहीस का गं, मग अभ्यास कसा होतो? ती म्हणाली, “दमते मिस, पण पळून आल्यावर पुस्तक उघडायचा कंटाळा येत नाही. आधी उघडायचाच कंटाळा यायचा.” पुढच्या सत्रात तिने दोन्ही विषय सोडवले. त्याचं श्रेय धावण्याला किती, पहाटे उठण्याच्या शिस्तीला किती आणि भरतीच्या ध्येयाला किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. पण उघडायचा कंटाळा गेला, हे तिचं वाक्य मी विसरलेले नाही. कंटाळ्याचाच तर सगळा प्रश्न असतो.

गंमत नाही, खेदाची गोष्ट आहे की या मुलांना मैदानावर कॉलेजने आणलेलं नसतं. नोकरीने आणलेलं असतं. खेळाडूंचंही तसंच. उपनगर कबड्डीचं माहेर आहे. मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशनच्या स्पर्धा, मंडळांचे संघ, पुढे बँका, रेल्वे, पोलीस यांच्या संघांतून मिळणारी नोकरी, हा रस्ता इथल्या मराठी घरांना चांगला ठाऊक आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे. कॉलेजचा जिमखाना या थोड्या मुलांसाठी चालतो, ती चषक आणतात, त्यांचे फोटो वार्षिक अंकात छापून येतात. ते व्हायलाच हवं. पण तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात जिमखान्याची पायरी चढणारी मुलं शे-दोनशे असतील तर बाकीच्यांच्या शरीराची जबाबदारी कुणाची? ज्याला कुठलाच खेळ चांगला येत नाही, जो शाळेत संघ निवडताना नेहमी शेवटी उरायचा, त्याच्यासाठी कॉलेजात काहीच नसतं. आणि व्यायामाची खरी गरज त्यालाच आहे.

कागदावर सगळं आहे. अकरावी-बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा सक्तीचा विषय आहे, गुणपत्रिकेवर त्याची श्रेणी छापून येते. प्रत्यक्षात मुलं जर्नल उतरवून काढतात, एखाद्या दिवशी सगळ्यांची मिळून चाचणी होते आणि बहुतेकांना उत्तम श्रेणी मिळते. जिथे सगळ्यांना एकच श्रेणी मिळते तिथे त्या मोजमापाने काहीच मोजलेलं नसतं, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतो आम्ही. पदवीला खेळ, एनसीसी, एनएसएस यांत भाग घेतला तर सवलतीचे दहा गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सुरुवातीच्या सत्रांत खेळ आणि योग यांना श्रेयांकही आहेत. पण ते श्रेयांक मिळवण्यासाठी मुलं योगाच्या इतिहासावर प्रोजेक्ट लिहून आणतात. घाम न गाळता शारीरिक शिक्षणाचे गुण मिळत असतील तर ते न दिलेले बरे.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागेल. २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल अपुरी होती. हा फरक कॉलेजच्या वयात डोळ्यांदेखत तयार होतो. कॉलेजचं मैदान दुपारी रिकामं दिसलं की तिथे मुलांचं क्रिकेट सुरू होतं, त्याच्या कडेने धावायला मुली धजत नाहीत. बदलायला धड खोली नाही, धावून आल्यावर तोंड-हात धुवायला पाणी असेलच असं नाही, घामाने भिजलेल्या कपड्यांत तासभर लोकलने जायचं तर नको ते नजरांचं लफडं. घरी गेल्यावर भाऊ सोसायटीच्या खाली खेळायला जातो आणि हिच्या हातात पोळपाट येतं. खासगी टर्फ तासाला हजाराच्या वर पैसे घेतात. त्या हिरव्या जाळीच्या आत रात्री खेळणारे सगळे मुलगेच असतात, हे पूर्व द्रुतगती मार्गाने जाताना कुणीही पाहावं. मुलींना व्यायामाची आवड नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी कॉलेजात मुलींसाठी राखलेली वेळ, बंद होणारं दार आणि नळाला पाणी, एवढ्या तीन गोष्टी द्याव्यात आणि मग सहा महिन्यांनी आवडीबद्दल बोलावं.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. सकाळी उपाशीपोटी निघून दहाला वडापाव खाणाऱ्या मुलीला सरळ मैदानावर पळवलं तर ती चक्कर येऊन पडेल आणि आईवडील पुन्हा कधी पाठवणार नाहीत. प्रवेशाच्या वेळीच हिमोग्लोबिन तपासावं, कमी असेल तर गोळ्या सुरू कराव्यात, आणि व्यायामाची सुरुवात चालण्याने करावी. डब्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा असावा. हे सगळं न परवडणारं नाही.

मराठी माणसाला ही शिकवण नवी नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमवण्याला दिलं आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, पुढे पहिल्या वर्गात बी. ए. झाले, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. मला ती आजच्या मुलांना तशीच सांगावीशी वाटत नाही. वर्ष वाया घालवण्याची चैन आज माथाडी कामगाराच्या मुलीला परवडणारी नाही आणि त्याची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटना अठरा वर्षांवरच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. मला टिळकांपेक्षा औंधचं उदाहरण जास्त कामाचं वाटतं. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. १९२८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. दुष्काळी भागातलं लहानसं संस्थान, साधनं तुटपुंजी. पण सूर्यनमस्काराला एका माणसाच्या लांबीरुंदीची जागा पुरते. तिकडे अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवले. आपल्या अंधेरीतल्या वर्सोव्याला १९१८ मध्ये योगेंद्रजींनी योग शिकवणारी संस्था सुरू केली, तीच आज सांताक्रूझला आहे.

औंधचं उदाहरण द्यायचं कारण पावसाळा आहे. आमचं पहिलं सत्र जूनमध्ये सुरू होतं आणि पुढचे चार महिने मैदानात चिखल असतो. उपनगरातल्या कित्येक कॉलेजांना मैदानच नाही, कुठे दोन इमारतींच्या मधली फरसबंदी, कुठे गच्ची. “मैदान नाही” हे उत्तर मी म्हणूनच मान्य करत नाही. सभागृह असतं, जिने असतात, पोर्च असतो. बारा-पंधरा सूर्यनमस्कार न थांबता घातले की चांगला दम लागतो. दोरीची किंमत शंभर-दीडशे रुपये. ज्यांच्याकडे मैदान आहे त्यांनी ते वाहनतळाला आणि लग्नसमारंभांना देऊ नये, आणि खडी टाकून त्याची वाट लावू नये. महापालिकेनेही इथे हात द्यावा. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल या करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या जागा आहेत. तिथल्या कमी गर्दीच्या वेळा आसपासच्या कॉलेजांना नाममात्र दरात द्याव्यात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांत मला सगळी पन्नाशी ओलांडलेली माणसं दिसतात, कारण आपल्याकडे व्यायाम डॉक्टरने साखर किंवा रक्तदाब सांगितल्यावर सुरू होतो. विद्यार्थी तिथे येतात ते कान्हेरीला फोटो काढायला. ओळखपत्र दाखवणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्याला सकाळच्या वेळेत तिथे मोफत सोडलं तर उद्यानाचं काय बिघडेल?

सहकारी मला सांगतात, अभ्यासक्रम पुरा होत नाही, सत्र जेमतेम नव्वद दिवसांचं, त्यात सुट्ट्या, अंतर्गत परीक्षा, महोत्सव. अर्धा तास आणायचा कुठून? मी म्हणते, दुसऱ्या आणि तिसऱ्या लेक्चरच्या मधला वीस मिनिटांचा ब्रेक दहा मिनिटांनी कमी करा आणि चौथ्या लेक्चरची वीस मिनिटं घ्या, ज्यांत आजही कुणी ऐकत नाही. त्या अर्ध्या तासाला हजेरी असावी, श्रेणी नसावी. श्रेणी आली की जर्नल येतं. शिक्षकांनीही त्यात उतरावं. आपले सर चिखलातून भरभर चालताहेत, हे पाहिल्यावर मुलं नाही म्हणत नाहीत. आणि परीक्षेचा महिना आला की हा अर्धा तास रद्द करू नये. उलट मार्च-एप्रिलमध्ये, लायब्ररीत सलग सहा तास बसण्याच्या दिवसांत, त्याची गरज सर्वांत जास्त असते. ऊन असतं म्हणून तो सकाळी आठच्या आत उरकावा, इतकाच बदल.

पालकांना माझी विनंती आहे. मुलीची बारावी असेल तर तिचा क्लास बंद करू नका, मोबाइलचे तास कमी करा आणि संध्याकाळचा अर्धा तास तिला खाली पाठवा. बरोबर जमलं तर तुम्हीही जा. आणि उपनगरातल्या प्राचार्यांना सांगणं हे, की जूनचं वेळापत्रक मे महिन्यातच आखलं जातं. त्यात गणिताचा, अकाउंट्सचा तास जसा पेनाने लिहिता तसा हा अर्धा तासही लिहा, सगळ्या विद्यार्थ्यांसाठी, निदान एका वर्षासाठी. वर्षाच्या शेवटी हजेरी, झोप आणि निकाल यांचे आकडे मोजून द्यायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत.